इंजिन काय सांगतंय, ऐका!

काय दोस्तांनो, झाली का सहामाही परीक्षा? पेपर कसे गेले, हे मी विचारणार नाही. ते घरीदारी सगळे विचारतातच! उलट आज मी तुम्हांला माझाच एक पेपर कसा गेला, ते सांगणार आहे. त्या पेपरात मी सपशेल नापास झालो होतो. आणि पेपर तपासणारा होता माझा सातवीतला भाचा.

त्याचं असं झालं. माझे भावोजी मस्कतला नोकरी करतात. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत ते घरी आले, तेव्हा तिथल्या एका सहकाऱ्याची जुनी रिमोटवरची गाडी भाच्यासाठी घेऊन आले. रिमोटची गाडी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे सेलवर चालणारी, घुर्र करत पलंगाखाली जाणारी गाडी आली ना? ही तसली नव्हे. हिला खरंखुरं इंजिन होतं, इंधनाची टाकी होती आणि धूर सोडणारी नळीसुद्धा होती. अशा गाड्यांना ‘नायट्रो’ गाड्या म्हणतात. हल्ली बॅटरीवरच्या गाड्या खूप वाढल्या आहेत, तरी नायट्रो गाड्यांच्या शर्यती जगात अजून होतात.

इंजिन केवढं? मुठीत मावेल एवढं. फक्त ३.५ सीसी. तुमच्या आजोबांकडे पूर्वी चेतक स्कूटर असेल, तर तिचं इंजिन सुमारे १४५ सीसीचं होतं. म्हणजे हे त्याच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढं! पण स्कूटरचं इंजिन मिनिटाला पाच-सहा हजार फेरे मारायचं, आणि हे चिमुकलं तीस हजारांच्या घरात जातं. करा बरं भागाकार! सेकंदाला पाचशे फेरे.

“मामा, ही सुरूच होत नाही रे,” भाचा म्हणाला.

“आण इकडे. त्यात काय एवढं?” मी म्हणालो.

हे ‘त्यात काय एवढं’ मला भलतंच महागात पडलं. पण ते कसं, हे समजायला आधी हे इंजिन चालतं कसं, ते बघू या.

ठिणगीवाचून पेटणारं इंजिन

बाबांच्या मोटारसायकलमध्ये स्पार्क प्लग असतो. तो दर वेळी ठिणगी पाडतो आणि पेट्रोलची वाफ पेटते. नायट्रो इंजिनात ठिणगीच नसते! तिथे असतो ग्लो प्लग. त्याच्या टोकाला बारीक तारेचं इवलंसं वेटोळं असतं, आणि त्या तारेत प्लॅटिनम असतं. सुरू करताना दीड व्होल्टचा सेल लावून ती तार तापवून लाल करायची. इंजिन चालू झालं, की सेल काढून घ्यायचा. तरी तार विझत नाही.

आहे की नाही गंमत? या इंधनात मिथेनॉल नावाचं एक अल्कोहोल असतं. मिथेनॉलची वाफ आणि हवा प्लॅटिनमला लागली, की त्याच्या अंगावर त्यांची क्रिया होते आणि उष्णता बाहेर पडते. शिवाय आत दरवेळी भडका उडतो, आणि दट्ट्या वर येताना हवा दाबतो, त्याचीही उष्णता असतेच. तेवढ्यावर तार लाल राहते आणि पुढचा घोट पेटवते. प्लॅटिनम स्वतः मात्र खर्च होत नाही. लग्न जुळवून देणाऱ्या मध्यस्थासारखं ते बाजूलाच! अशा पदार्थाला ‘उत्प्रेरक’ म्हणतात. प्लॅटिनमची तार ज्वाळेवाचून लाल राहते, हे हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने १८१७ साली दाखवून दिलं. खाणकामगारांसाठी सुरक्षित दिवा करणारे ते हेच डेव्ही. पुढे १९४७ साली अमेरिकेत रे आर्डेन यांनी छोट्या इंजिनांसाठी ग्लो प्लग बाजारात आणला. त्याआधी खेळातल्या विमानालासुद्धा ठिणगीसाठी बॅटरी आणि कॉइल यांचं ओझं वाहावं लागायचं.

आता इंधनाकडे वळू. त्यात मुख्य तीन गोष्टी असतात. पहिली मिथेनॉल. दुसरी नायट्रोमिथेन, जिच्यावरून ‘नायट्रो’ हे नाव पडलं. एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, एक किलो मिथेनॉलला सुमारे ६.५ किलो, आणि एक किलो नायट्रोमिथेनला जेमतेम १.७ किलो! कारण नायट्रोमिथेन थोडा ऑक्सिजन शिदोरीसारखा स्वतःबरोबरच घेऊन येतं. म्हणून तेवढ्याच हवेत जास्त इंधन जळतं आणि जास्त ताकद मिळते.

तिसरी गोष्ट तेल. कधी कृत्रिम, तर कधी एरंडेल. हो हो, आजी चमच्याने पाजायची तेच एरंडेल! या इंजिनात तेलाची वेगळी टाकी नसते. पूर्वी स्कूटरवाले पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घ्यायचे ना, तसं इथेही वंगण इंधनातूनच आत जातं.

ही तेलाची गोष्ट नीट लक्षात ठेवा. मी नेमकी तीच विसरलो होतो.

तीन स्क्रू आणि एक शहाणा

हवा आणि इंधन यांचं मिश्रण करतो तो कार्बोरेटर. इंधन जास्त आणि हवा कमी झाली, तर मिश्रण ‘रिच’. इंधन कमी पडलं, तर ‘लीन’. गॅरेजमधले दादाही हेच शब्द वापरतात. हे प्रमाण ठरवायला कार्बोरेटरवर बहुधा तीन स्क्रू असतात. गाडी भरधाव असताना किती इंधन जावं, ते ठरवते हाय-स्पीड नीडल. गाडी हळू असताना आणि नुकता वेग घेताना किती जावं, ते बघते लो-स्पीड नीडल. तिसरा आयडल स्क्रू. गाडी उभी असताना इंजिन बंद पडू नये म्हणून हवेची वाट किती उघडी ठेवायची, ते त्याच्याकडे. नीडल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवली, की आत जाते आणि इंधन कमी होतं, म्हणजे मिश्रण लीन होतं. उलट फिरवली, की रिच.

आमची गाडी सुरू होत नव्हती, त्याचं कारण सोपं निघालं. ग्लो प्लग काढून त्याला सेल लावला, तर तार लाल होईचना. प्लग गेलेला होता. नवा प्लग आणि इंधन पुण्याच्या दुकानातून एका मित्राने गाडीने येताना आणून दिलं. असं ज्वालाग्राही इंधन विमानात सामानाबरोबर नेताच येत नाही, त्यामुळे भावोजींनी ते आणलं नव्हतं.

शाळेच्या मैदानावर गाडी सुरू झाली! सायलेन्सरमधून पांढरट निळा धूर निघत होता. पंधरा-वीस पोरं जमली. गाडी धावत होती, पण जरा अडखळत, फटफट करत.

“गुरुजी, अजून जोरात!”

मी हाय-स्पीड नीडल थोडी आत फिरवली. गाडी सुसाट झाली, धूर कमी झाला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. भाचा म्हणाला, “मामा, पुस्तिकेत लिहिलंय, थोडा धूर दिसत राहिला पाहिजे.”

“थांब रे,” मी म्हणालो. आणि नीडल अजून आत घेतली.

आता धूर दिसेनासा झाला. आवाज तर काय विचारता! शिट्टी वाजावी तसा. गाडीने मैदानाला दीड फेरी मारली. मग आवाज आणखी बारीक झाला, आणि एकदम काही नाही. शांत. मी दोरी ओढून पाहिली, तर ती तसूभर हलेना. इंजिनाचं डोकं इतकं तापलं होतं, की हात जवळ नेववत नव्हता. गार झाल्यावर उघडून पाहिलं, तर दट्ट्यावर उभे ओरखडे. इंजिन कामातून गेलं होतं.

काय झालं असेल? तुम्हीच सांगा. मी इंधन कमी केलं, म्हणजे तेलही कमी केलं. शिवाय इंजेक्शनच्या आधी नर्सताई स्पिरिटचा बोळा लावतात, तेव्हा दंडाला कसं गार लागतं? स्पिरिट उडून जाताना उष्णता घेऊन जातं. मिथेनॉलही तेच करतं, आणि पेट्रोलच्या जवळजवळ तिप्पट उष्णता घेतं. म्हणजे इंधनच त्या इंजिनाला गारही ठेवत होतं! मी त्याचं पाणी तोडलं आणि वर त्यालाच पळायला लावलं.

भाचा काही बोलला नाही. ओरडला असता, तर बरं वाटलं असतं. त्याने गाडी उचलली, पुसली आणि खोक्यात ठेवली. मग पुस्तिका माझ्यापुढे ठेवून तो आत निघून गेला. बाबांनी वर्षाने आणलेली वस्तू त्याने पुरती दोन दिवसही चालवली नव्हती.

दुसरा पेपर

दट्ट्या आणि सिलिंडर यांची नवी जोडी मी माझ्या पगारातून मागवली. ती यायला दोन महिने लागले. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पुन्हा बसलो. या वेळी भाच्याने अट घातली, “मामा, एका वेळी एकच स्क्रू. आणि प्रत्येक गोष्ट वहीत लिहायची.” कबूल!

आधी पुस्तिकेत सांगितलेल्या जागी तिन्ही स्क्रू आणले. नव्या इंजिनाला सुरुवातीच्या काही टाक्या मुद्दाम रिच मिश्रणावर, फार न पळवता चालवायच्या. मध्ये मध्ये गार होऊ द्यायचं. नवे भाग एकमेकांच्या सवयीचे व्हावे लागतात. शाळेच्या पहिल्या आठवड्यात पहिलीतली मुलं होतात ना, तसेच! मग खरं ट्यूनिंग.

इंजिन चांगलं गरम झाल्यावरच सुरुवात केली. पहिली हाय-स्पीड नीडल. एका वेळी आठवा हिस्सा फेरा, म्हणजे घड्याळाचा तासकाटा बाराच्या जागेवरून दीडच्या जागेवर जातो, तेवढाच. मग गाडी पळवायची, आवाज ऐकायचा, धूर बघायचा, लिहायचं. तवा तापला का, हे बघायला आई पाण्याचा शिपका मारते, तसा इंजिनाच्या डोक्यावर पाण्याचा एक थेंब टाकायचा. थेंब चर्र करत तीन-चार सेकंदांत आटला, तर ठीक. पडता क्षणी उडाला, तर इंजिन फार तापलंय, नीडल लगेच बाहेर घ्या. नुसताच बसून राहिला, तर मिश्रण अजून रिच आहे. तापमापी असेल, तर डोक्याचं तापमान साधारण १०० ते १२० अंश सेल्सियस असावं.

मग लो-स्पीड नीडल. इंजिन संथ चालू असताना मोठ्या माणसाने कार्बोरेटरजवळची इंधनाची नळी चिमटून धरायची. इंजिनाचा वेग किंचित वाढून तीन-चार सेकंदांनी ते बंद पडलं, तर प्रमाण बरोबर. चिमटल्याबरोबर बंद पडलं, तर लीन. बराच वेळ चालत राहिलं, तर रिच. आयडल स्क्रू सगळ्यांत शेवटी.

आणि आता सगळ्यांत महत्त्वाचं. नीडल आत घेत गेलात, की वेग वाढत जातो. एका जागी तो सगळ्यांत जास्त होतो, आवाज सगळ्यांत गोड येतो. तिथे थांबायचं नाही. तिथून किंचित मागे यायचं, पुन्हा थोडा धूर दिसेपर्यंत! कारण तो गोड आवाज कड्याच्या टोकावरचा असतो. टाकीतलं इंधन कमी झालं, तरी एक पाऊल पुढे पडतं. आणि पुढे कडा संपलेला असतो.

वहीमुळे आम्हांला आणखी एक गोष्ट कळली. सकाळी सातला बरोबर असलेली जागा दुपारी बाराला बरोबर नसते. गार हवा दाट असते, तिच्यात ऑक्सिजन जास्त, म्हणून इंधनही थोडं जास्त लागतं. गरम हवा विरळ, तिला थोडं कमी पुरतं. महाबळेश्वरसारख्या उंच जागी तर हवा आणखी विरळ असते. म्हणून कोणी ‘नीडल अमुक इतके फेरे ठेव’ असं सांगितलं, तर ती फक्त सुरुवात समजायची. बाकीचं इंजिनालाच विचारायचं.

इंजिनाचा दवाखाना

डॉक्टर आधी नाडी बघतात, मग औषध देतात. आपणही तेच करू या.

*तक्रार: सुरूच होत नाही.* तीन गोष्टी तपासा. प्लगची तार लाल होते का? नळीतून इंधन पुढे सरकतंय का? हवेची जाळी धुळीने बंद तर नाही? स्क्रूला हात सगळ्यांत शेवटी.

*तक्रार: दोरी ओढली जात नाही.* जोर लावू नका! आत इंधन साचलं असेल. द्रव दाबला जात नाही, म्हणून दट्ट्या अडतो. पूर्वी किक मारण्याआधी स्कूटर आडवी करायचे, ते इंधन आत यावं म्हणून. इथे उलटं काम आहे. प्लग काढा, वर फडकं धरा, गाडी उलटी करून दोरी दोन-चारदा ओढा. जास्तीचं इंधन बाहेर पडेल. तेव्हा सेल आणि आग लांब ठेवा. नव्या इंजिनात दट्ट्या अगदी वर आला, की थोडा घट्ट लागतोच. सिलिंडर वरच्या बाजूला मुद्दाम किंचित निमुळता केलेला असतो. तापल्यावर तो प्रसरण पावतो आणि फट बरोबर होते. तो आजार नव्हे.

*तक्रार: सेल काढला, की बंद पडतं.* प्लग म्हातारा झाला असेल, किंवा मिश्रण फार रिच असेल.

*तक्रार: वेग देताना अडखळतं.* भरपूर धूर सोडत, रडतखडत वेग घेत असेल, तर लो-स्पीड नीडल रिच आहे. धूर न सोडता एकदम मान टाकत असेल, तर लीन.

*तक्रार: वेग कमी केला तरी आवाज खाली येत नाही.* मिश्रण लीन असेल, आयडल स्क्रू जास्त आत असेल, नाहीतर कुठून तरी चोरून हवा शिरतेय. नळीत बुडबुडे दिसले, तर नळीला चीर आहे. अशा वेळी तुम्ही नीडल कितीही फिरवा, उपयोग नाही. पायाला काटा लागलाय आणि आपण डोक्याला बाम चोळतोय, असं होतं.

*तक्रार: मस्त पळता पळता अचानक बंद.* हा आजार मला चांगलाच ओळखीचा आहे! हाय-स्पीड नीडल फार लीन. ताबडतोब थांबा, गार होऊ द्या.

खेळून झालं, की टाकी रिकामी करा. मिथेनॉल हवेतलं बाष्प ओढून घेतं आणि आतले भाग गंजतात. म्हणून आत दोन थेंब तेल सोडून ठेवा. दट्ट्या खाली असताना गाडी ठेवा, नाहीतर गार होताना सिलिंडर त्याला आवळून धरतो.

आईबाबांसाठी चार ओळी

हे इंधन मुलांच्या हाती एकट्याने कधीही देऊ नका. मिथेनॉल विषारी आहे. ते थोडंसं पोटात गेलं, तरी डोळे जाऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. ते त्वचेतूनही अंगात भिनतं, म्हणून हातमोजे घाला. थंड पेयाच्या बाटलीत तर ते चुकूनही भरून ठेवू नका. त्याची ज्वाळा उन्हात जवळजवळ दिसत नाही. इंजिन घरात, गॅरेजात चालवू नका, धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. आणि आणखी एक सांगू? मैदानावर ‘अजून जोरात’ ओरडणाऱ्यांत त्या दिवशी दोन-तीन पालकही होते. पण नीडल माझ्या हातात होती, म्हणून दोष माझाच.

करून पाहा

तुमच्याकडे नायट्रो गाडी नसेल, तरी ट्यूनिंग शिकता येतं. वहीच्या कागदाचं विमान करा. एकाच जागेवरून पाच वेळा उडवा आणि दर वेळी किती पावलं गेलं, ते लिहा. आता फक्त एका पंखाची मागची कड किंचित वर वळवा. बाकी काही बदलू नका. पुन्हा पाच वेळा उडवा, लिहा. बिघडलं, तर कड पहिल्यासारखी करा आणि मग दुसरा बदल करा. दोन बदल एकदम केलेत, तर सुधारलं कशाने, हे कधीच कळणार नाही. तुमच्या वहीचं एक पान मला जरूर पाठवा.

भाच्याची गाडी अजून चालते. आता ट्यूनिंग तोच करतो. परवा मी म्हणालो, “अरे, अजून थोडी आत घे ना नीडल!” त्याने नुसतं सायलेन्सरकडे बोट दाखवलं. थोडासा धूर निघत होता. मी गप्प बसलो.

पुढच्या वेळी भेटू तेव्हा पाहू या, सायकलच्या ब्रेकने कुईं कुईं केलं, तर ती नेमकं काय म्हणत असते.

तुमचाच,
गुरुजी